शहर, ऊन आणि आरोग्य: या संशोधनात यायचंय म्हणणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मार्च उजाडला की दोन गोष्टी सुरू होतात. मुंबईतल्या पत्र्याच्या खोल्या तापायला लागतात आणि विद्यार्थ्यांची पत्रं यायला लागतात. पत्रांतले प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. क्रम मनाला येईल तसा आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषयच माझ्या जिव्हाळ्याचे आहेत.

तुम्ही नेमकं करता काय? हवामानशास्त्रज्ञ आहात की डॉक्टर?

दोन्ही नाही. शहरात ऊन वाढलं, पाणी तुंबलं किंवा हवा कोंडली की कुणाला काय होतं, किती जणांना होतं आणि कोणत्या गल्लीत जास्त होतं, हे मोजणं माझं काम. याला साथरोगशास्त्र म्हणतात, साथ असो वा नसो. वर्षातले चार महिने वस्तीत जातात, उरलेले संगणकापुढे. आई शेजाऱ्यांना सांगते, "ती उन्हाच्या नोंदी ठेवते." याहून नेमकी व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

यात आलात कशा?

वाट चुकत. नागपुरात बी.डी.एस. केलं आणि दोन वर्षं एका दवाखान्यात दात काढले. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. समोरच्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथली एक बाई दाढ दुखते म्हणून आली. खुर्चीत बसल्या बसल्या तिला भोवळ आली. अंग चटका बसावा इतकं तापलेलं, जीभ कोरडी, बोलणं असंबद्ध. ओला टॉवेल, बर्फ, पंखा, रिक्षा, मोठं हॉस्पिटल अशी धावपळ झाली. बाई वाचली. संध्याकाळी केसपेपर चाळताना दिसलं की तिच्या नावापुढे मी 'दाढदुखी' एवढंच लिहिलं होतं. ती माझ्याकडे आलीच होती दाढेसाठी, तेव्हा तसं चुकीचंही नव्हतं. पण शहरभरच्या दवाखान्यांत त्या आठवड्यात अशा किती दाढदुख्या लिहिल्या गेल्या असतील, हा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी सार्वजनिक आरोग्याच्या एम.पी.एच.ला प्रवेश घेतला.

म्हणजे डॉक्टर नसलं तरी चालतं?

चालतं. माझ्या आसपास संख्याशास्त्रवाले आहेत, भूगोलवाले, वास्तुविशारद, समाजकार्यवाले आहेत, बी.ए.एम.एस. झालेले तर बरेच आहेत. एक सहकारी सिव्हिल इंजिनिअर आहे. छप्पर का तापतं हे त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

हे क्षेत्र अगदी नवीन आहे ना?

नाव नवीन आहे, काम नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तापाच्या रुग्णांत गाठीचा प्लेग ओळखला. पुढे १८९८ मध्ये शहर सुधारायला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. दाट वस्तीत समुद्राचं वारं शिरावं म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते पाडले. वारा, दाटी आणि आजार यांचा हिशेब मुंबईत तेव्हापासून मांडला जातोय. ज्यांची घरं त्या रस्त्यांखाली गेली त्यातले कितीतरी लोक बाजूच्या आणखी दाट चाळींत कोंबले गेले, हेही त्याच हिशेबात धरायचं असतं. 'वस्ती हटवा, हवा खेळेल' असा उपाय आजही कुणी सुचवला की मला ट्रस्ट आठवतो.

मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्माघात' लिहिलेलं नसेल, तर माणूस उन्हाने गेला हे कशावरून?

या कामाचा गाभाच हा आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

उन्हाने माणूस दोन तऱ्हांनी मरतो. एक सरळ उष्माघात. शरीराची थंड होण्याची यंत्रणा कोसळते, ताप चाळिशीपार जातो आणि मेंदूवर परिणाम होतो. हा ओळखू येतो, पण एकूण मृत्यूंत त्याचा वाटा लहान असतो. दुसरी तऱ्हा चोरपावलांची. अंग थंड ठेवायला शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, घामावाटे पाणी जातं, रक्त घट्ट होतं आणि हृदयाला दुप्पट राबावं लागतं. ज्याचं हृदय आधीच थकलंय, मूत्रपिंड कमजोर आहे, किंवा जो लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेतोय, तो दोनतीन दिवसांत ढासळतो. दाखल्यावर येतं 'हृदयविकार'. लिहिणारा डॉक्टर खोटं लिहीत नसतो.

त्यात आपल्याकडे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले मृत्यूच कमी. २०२० च्या देशपातळीवरच्या अहवालात नोंदणी झालेल्या मृत्यूंपैकी असे सुमारे २२.५ टक्के होते.

मग आम्ही कारण विचारणंच सोडून देतो आणि फक्त माणसं मोजतो. अहमदाबादचं उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू नोंदले गेले. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. वजाबाकी केली की उरतात १,३४४. नेहमीच्या मे महिन्यात न गेलेली, पण त्या मेमध्ये गेलेली इतकी माणसं. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू या आकड्याच्या पासंगालाही पुरत नव्हते. रुग्णालयांच्या कागदांवर जवळजवळ न दिसणारी आपत्ती महापालिकेच्या जन्ममृत्यू रजिस्टरात दिसली.

आता 'आर' नावाच्या संगणकाच्या भाषेत याची सुरेख प्रारूपं करता येतात. आज ऊन वाढलं तर त्याचा परिणाम आज किती, उद्या किती, परवा किती, हे वेगळं काढता येतं. रविवार, सणवार, प्रदूषण यांची भेसळ बाजूला करता येते. ते शिकावंच लागेल. पण मुळात ती वजाबाकीच आहे, आणि वजाबाकीला रजिस्टर लागतं.

मग ते रजिस्टर मिळतं सहज?

(येथे हशा.)

एका महापालिकेकडून मृत्यूंचा दिनवार तक्ता मिळवायला मला चौदा महिने लागले. नाव, पत्ता काहीच नको होतं. फक्त तारीख, वय, लिंग आणि वॉर्ड. पहिलं पत्र हरवलं. दुसरं चुकीच्या खात्यात गेलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. तिसऱ्याला 'वरून आदेश नाहीत' असं तोंडी उत्तर आलं. आदेश आणला तोवर साहेबांची बदली. शेवटी काम झालं ते एका कारकुनामुळे. गृहस्थ निवृत्तीला आले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, याचं करणार काय तुम्ही?" मी कागदावर अहमदाबादची वजाबाकी मांडून दाखवली. ते बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मेमध्ये आमच्याकडे दाखल्यांची रांग वाढते, हे मला वीस वर्षं माहितीये. कुणी विचारलं नाही कधी." पुढच्या आठवड्यात सीडी मिळाली. पेन ड्राइव्ह नव्हे, सीडी. ती वाचायला ड्राइव्ह शोधण्यात आणखी तीन दिवस गेले.

तेव्हा अर्ज दोन प्रतींत करा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका आणि रजिस्टर लिहिणाऱ्या माणसाशी बोला. संशोधनाच्या पद्धतीचा हा भाग कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो.

तापमानाचा डेटा कुठून घ्यायचा? उपग्रहाचे नकाशे फुकट मिळतात, ते चालतील?

वेधशाळेच्या नोंदी पुण्याच्या भारतीय हवामान विभागातून मिळतात. हे कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून पुणेकर त्याला अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. मुंबईसाठी कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन मुख्य वेधशाळा आहेत. पण गोवंडीच्या गल्लीतलं ऊन सांताक्रूझच्या मोकळ्या मैदानातला तापमापक सांगू शकत नाही, म्हणून सगळे उपग्रहाकडे वळतात.

उपग्रह वापरा, पण तो पृष्ठभागाचं तापमान मोजतो हे विसरू नका. तुम्ही श्वास घेता त्या हवेचं नाही. भर दुपारी तापलेली धावपट्टी नकाशात लालभडक दिसते, पण तिथे कुणी राहत नाही. उलट डोंगरउतारावर झाडीला टेकलेली वस्ती हिरवट दिसते आणि आत पत्र्याखाली माणसं शिजत असतात. एका होतकरू विद्यार्थ्याने मला शहरातली 'सर्वात धोकादायक जागा' म्हणून विमानतळ दाखवला होता. हसू नका, असे नकाशे छापूनही येतात.

मुंबईत कुठे ४५ अंश होतं? इथे उष्णतेची लाट म्हणणं जरा जास्तच नाही का?

मी नागपूरची, त्यामुळे हा प्रश्न मीही विचारला होता. नागपूरचं ऊन कोरडं. घाम येतो तसा उडतो आणि अंग निवतं. कूलर चालतो तोही याच न्यायाने. ओल्या ताट्यांतून हवा ओढायची, पाणी उडतं आणि हवा गार होते. तोच कूलर मुंबईत लावा, फक्त कपाट बुरसटेल. हवेत आधीच पाणी भरलेलं असलं की घाम उडत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीराला गार करत नाही. म्हणूनच हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून लाटेचा विचार करतो, तर किनाऱ्यावर ३७ पासून. दोन्हीकडे ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं.

आर्द्रता धरून मोजायचं तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचं तापमान बघतात. ते ३५ अंश झालं की निरोगी माणूसही तग धरू शकत नाही, असं २०१० मध्ये गणिताने मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण धडधाकट लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ती मर्यादा ३१ च्या आसपासच निघाली. म्हाताऱ्यांची त्याहून खाली असणार.

आणि नवी मुंबईतल्या खारघरचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळा विसरू नका. १६ एप्रिल २०२३, उघडं मैदान, सकाळपासून उन्हात बसलेले लाखो लोक. पारा चाळिशीच्या आतच होता. चौदा माणसं गेली.

वस्तीतलं काम कसं असतं?

जिने चढण्याचं. आम्ही घराघरांत काडेपेटीएवढे लॉगर लावतो. दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता टिपून ठेवणारं यंत्र आहे ते. ते भिंतीवर लावायचं, पण पत्र्यापासून, चुलीपासून, फ्रिजच्या मागच्या जाळीपासून लांब. दहा बाय बारात अशी भिंत शोधून दाखवा.

एकदा एका लॉगरवर मे महिन्यातले चार दिवस तापमान आठ अंश आलं. यंत्र बिघडलं म्हणून मी कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं होतं. आमच्याबरोबरची आरोग्यसेविका म्हणाली, "आधी जाऊन बघूया, ताई." घरातल्या सहा वर्षांच्या पोराने लॉगर फ्रिजमध्ये ठेवला होता. विचारलं तर म्हणाला, "त्याला गरम होत होतं." तो डेटा वगळला. वगळण्याचं कारण मात्र नोंदवहीत तसंच्या तसं लिहून ठेवलंय.

त्याच घरात पोराची आजी रात्री जिन्यात झोपायची. दिवसभर तापलेला पत्रा आणि विटा रात्रभर उष्णता सोडत राहतात. बाहेर वारं सुटलेलं असतं आणि आत पंखा वरची गरम हवा खाली ढकलत असतो. आम्ही प्रश्नावलीत विचारत होतो, 'दुपारी १२ ते ४ तुम्ही कुठे असता?' आजी म्हणाल्या, "दुपारचं काय घेऊन बसलीस, मी मशिदीबाहेरच्या झाडाखाली असते. रात्रीचं विचार." पुढच्या वर्षीची प्रश्नावली बदलली ती त्यांच्यामुळे. बायकांसाठी रात्री दार उघडं ठेवून झोपणं, जिन्यात झोपणं, पाणी कमी पिणं म्हणजे सार्वजनिक संडासात कमी जावं लागेल, या सगळ्या गोष्टी तापमानाच्या संशोधनात मोडतात. वेधशाळेत त्या मोजल्या जात नाहीत.

फक्त उन्हावरच काम असतं का?

नाही, माझं तेवढं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो सगळ्यांना आठवतो. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेली, ते कमी जणांना आठवतं. उंदरांच्या लघवीतला जंतू तुंबलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतो. आज पाणी तुंबलं की महापालिका डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत घ्यायला सांगते, ते त्या वर्षीचं शहाणपण. डेंगीवर पुण्यात चांगलं काम झालंय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०२५ मध्ये तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांची पुण्यातल्या डेंगीमृत्यूंशी सांगड घातली. सलग मध्यम पाऊस डासाला मानवतो आणि मुसळधार पाऊस अंडी वाहून नेतो, असं त्यात दिसतं. प्रदूषण, क्षयरोग, मानसिक आरोग्य, सगळीकडे जागा आहे. एक विषय धरा आणि पाच वर्षं सोडू नका.

ही खरं तर गरिबीची समस्या नाही का? हवामानबदलाचं नाव लावलं की पैसा मिळतो, म्हणून?

थोडं खरं आहे, आणि हा प्रश्न विचारणारे विद्यार्थी मला आवडतात. पूर्वी 'नागरी आरोग्य' म्हणून नाकारलेले प्रस्ताव 'हवामान' शब्द घालून मंजूर झालेले मी पाहिलेत. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर सोडलेलं आहे. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, क्षयरोग भरपूर. ते कर्बवायूने केलेलं नाही, विकास नियंत्रण नियमांत सवलत देऊन केलंय. पण त्याच खोलीत पुढची वीस वर्षं दर उन्हाळा थोडा जास्त तापणार, हेही तितकंच खरं. दोन्ही कारणं लिहा. एक लिहून दुसरं झाकू नका, इतकंच माझं म्हणणं.

संशोधनाने काही बदलतं का?

कधीकधी. त्या १,३४४ वर अहमदाबाद महापालिका थांबली नाही. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि बाहेरचे काही संशोधक यांच्याबरोबर तिने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. संस्थेकडून डॉ. दिलीप मावळंकर त्यात पुढे होते. ४१, ४३ आणि ४५ अंशांच्या आसपास पिवळा, केशरी, लाल इशारा, आणि प्रत्येक रंगाला कुणी काय करायचं हे ठरलेलं. बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, हेही त्यात आलं. बाग दुपारी बंद का असते हा प्रश्न त्याआधी आरोग्याचा नव्हता. पुढच्या एका अभ्यासाने २०१४ आणि २०१५ मध्ये वर्षाला सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असा अंदाज बांधला. असे अंदाज मी जरा हात राखूनच वापरते, कारण न झालेले मृत्यू मोजणं ही पुन्हा वजाबाकीच, आणि ती आणखी अवघड. नागपूरनेही पुढे आपला आराखडा केला.

माझं आवडतं उदाहरण मात्र लहान आहे. अहमदाबादच्याच एका रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वात वरच्या मजल्यावर होता. २०१० च्या लाटेत उन्हामुळे आजारी पडून अतिदक्षता विभागात येणारी नवजात बाळं वाढली. ४२ अंशांच्या वर दर अंशाला असं दाखल होणं ४३ टक्क्यांनी वाढत होतं. कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि बाळं वाचायला मदत झाली. ना नवं यंत्र, ना औषध, खाटा तेवढ्या खाली आल्या. तेव्हापासून कुठल्याही रुग्णालयात गेले की मी आधी विचारते, बाळंतिणी कितव्या मजल्यावर आहेत?

शिकायचं कुठे?

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आणि आयआयटीचा हवामान अभ्यास विभाग. गांधीनगरचा उल्लेख वर आलाच. परदेशात लंडनची हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन ही या विषयातली जुनी पेठ. संस्थेपेक्षा मार्गदर्शक बघा. गेल्या दोन उन्हाळ्यांत ते स्वतः वस्तीत गेले होते का, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना हळूच विचारा.

पैसे किती मिळतात?

नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही शिष्यवृत्ती असेल तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. नसेल तर प्रकल्पावरची नोकरी, म्हणजे अनुदान असेतोवर. दोन प्रकल्पांच्या मधले मोकळे चारसहा महिने प्रत्येकाच्या वाट्याला येतात. मी त्या काळात पुन्हा दात काढलेत. घरचं कर्ज असेल तर हे आधी घरी सांगून ठेवा.

इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?

शोधनिबंध इंग्रजीत लिहावे लागतात, ते दोन वर्षांत जमतं. 'जीव घाबरा होतो', 'डोळ्यापुढे अंधारी येते', 'अंगाची काहिली होते', 'ऊन लागलं' या चार तक्रारी चार वेगळ्या असतात. आमची पहिली प्रश्नावली इंग्रजीतून भाषांतर केलेली होती, त्यात चौघींसाठी एकच शब्द होता. ती चूक मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने पकडली.

तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का?

वर्षाला दोघांना. फेब्रुवारी संपायच्या आत लिहा, लॉगर मार्चच्या शेवटी लागतात. गुणपत्रिका नको. तुमच्या घरातली सर्वात गरम खोली कोणती, तिथे कोण झोपतं आणि का, हे एका पानात लिहून पाठवा. चप्पल चांगल्या पकडीची आणा, जिने अरुंद आहेत.